खात्याची उसनी किल्ली

दुपारी अडीचच्या सुमारास, रोखपालांसमोरची रांग काहीशी ओसरली असताना, शाखेचा दूरध्वनी वाजला. पलीकडून एक तरुण हिंदीत बोलत होता. तो रीवा येथे शिकत होता. दोन महिन्यांपूर्वी त्याने नवे सिम कार्ड घेतले आणि तेव्हापासून आपल्या बँकेचे संदेश त्याच्या मोबाइलवर येऊ लागले. त्याचे आपल्याकडे खातेच नव्हते. ‘चुकून आला असेल, दुर्लक्ष करा,’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात तो म्हणाला की हे संदेश एका खात्याचे नाहीत. प्रत्येक संदेशातील खात्याचे शेवटचे चार आकडे त्याने वहीत उतरवून ठेवले होते आणि त्यांची संख्या अकरा झाली होती. केवायसी नूतनीकरणाच्या एका संदेशात आमच्या शाखेचे नाव होते, त्यावरून शोध घेत तो आमच्यापर्यंत पोहोचला.

मी बऱ्हाणपूरजवळच्या एका शाखेत काम करते. केळीच्या बागांचा हा मुलूख आहे. ग्राहकांची भाषा निमाडी, हिंदी आणि मराठी यांचे असे मिश्रण की, एकाच वाक्यात तिन्ही भाषा सुखाने नांदतात. त्या तरुणाने सांगितलेले आकडे मी संगणकावर पडताळले. अकराही खाती एकाच गावची निघाली, आणि अकराही खात्यांना एकच मोबाइल क्रमांक जोडलेला होता. तो क्रमांक गावातल्या किराणा दुकानदाराचा होता. तो दुकान विकून मुलाकडे इंदूरला गेला आणि जुने सिम त्याने सोडून दिले. क्रमांक बंद झाला, काही काळ पडून राहिला आणि मग कंपनीने तो रीवाच्या या विद्यार्थ्याला दिला. त्यामुळे आपण कधीही न पाहिलेल्या अकरा माणसांच्या खात्यांत कोणत्या तारखेला किती रुपये जमा होतात, हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक झाले. खातेदारांना मात्र ते ठाऊक नव्हते. मुलगा सज्जन होता. आमची सारी सुरक्षितता त्या दिवशी त्याच्या सज्जनपणावर उभी होती, ही जाणीव मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

मी खाते उघडण्याचे जुने अर्ज काढून घेतले. सप्टेंबर २०१४ मधले होते. अक्षर माझे नव्हते, परंतु ते माझे असू शकले असते.

जन-धन योजनेची सुरुवात २८ ऑगस्ट २०१४ रोजी झाली, तेव्हा मी नोकरीत नवखी होते आणि छत्तीसगडमधील एका ग्रामीण शाखेत होते. पहिल्याच दिवशी देशभरात दीड कोटीच्या आसपास खाती उघडली गेली. त्या दिवसांचा उत्साह खरा होता, आणि दमणूकही खरी होती. शाळेच्या ओसरीवर सतरंजी टाकून आम्ही अर्ज भरत असू. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, अंगठा, छायाचित्र. आणि मग मोबाइल क्रमांकाचा रकाना. समोरच्या बाईकडे मोबाइल नसे. रकाना मोकळा राहिला की अर्ज अपुरा दिसे, आणि अपुरा अर्ज कोणाला आवडतो? मग शेजारी उभ्या असलेल्या अंगणवाडी सेविकेचा क्रमांक लिहायचा. ती नसेल तर बँकमित्राचा, पुतण्याचा, दुकानदाराचा. मी असे किती अर्जांवर केले ते मला आठवत नाही. त्यामागे वाईट हेतू नव्हता. संदेश आला तर निदान कोणीतरी वाचून सांगेल, एवढाच विचार होता. तेव्हा मोबाइल क्रमांक ही संपर्काची सोय होती, पत्त्याखालची एक जास्तीची ओळ. ती पुढे खात्याची किल्ली होईल, हे त्या ओसरीवर बसून माझ्या ध्यानात आले नाही.

वास्तविक त्याची चिन्हे तोपर्यंत उमटली होती. कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने पडताळणीचा एक अधिकचा टप्पा सक्तीचा केला होता, आणि हळूहळू त्या टप्प्याचे रूप मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय अवतरले आणि क्रमांक हा तर पायाच झाला. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयवर २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. जगाने कौतुक करावे अशीच ही कामगिरी आहे, आणि तिच्यात बँक कर्मचारी म्हणून आपलाही खारीचा वाटा आहे याचा मला अभिमान आहे. साध्या, बटणांच्या मोबाइलवाल्यांचाही विचार झाला. इंटरनेटशिवाय चालणारी तारांकित ९९ ची सेवा आली, २०२२ च्या मार्चमध्ये यूपीआय १२३पे आले. परंतु यांतील प्रत्येक सोय एकाच गृहीतकावर उभी आहे: खात्याला जोडलेला क्रमांक खातेदाराच्याच हातात आहे आणि तो चालू आहे.

पूर्वी ग्राहकाची ओळख कशावरून पटवत असू? नमुना स्वाक्षरी, अंगठ्याचा ठसा, छायाचित्र आणि पासबुक यांवरून. यांतील पासबुक सोडले तर बाकी सारे त्याच्या देहाचे किंवा हाताच्या वळणाचे होते. म्हातारपणी सही थरथरते, हे खरे. बँकेत ती जुळेना म्हणून वाद होतात, हेही खरे. पण म्हणून कोणाची सही नव्वद दिवसांनी काढून रीवाच्या विद्यार्थ्याला देता येत नाही! मोबाइल क्रमांक मात्र ग्राहकाच्या मालकीचा नसतो, आणि बँकेच्याही नसतो. तो भाड्याने घेतलेला असतो आणि भाडे थकले की मालक तो परत घेतो.

या भाड्याचा इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. मे २००३ पासून येणाऱ्या फोनला पैसे पडेनासे झाले आणि मोबाइल गरिबाच्या हाती आला. एकदा सिम घेतले, थोडे पैसे भरले की महिनोन् महिने नुसते येणारे फोन घेता यायचे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१३ मध्ये असा दंडक घातला की सलग ९० दिवस वापर झाला नसेल तरच प्रीपेड जोडणी बंद करता येईल, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढ्या कारणाने ती बंद करता येणार नाही. पुढे २०१८ च्या अखेरीस काही मोठ्या कंपन्यांनी सेवा चालू ठेवण्यासाठी दर महिन्याच्या किमान रिचार्जची अट घातली. तो ‘महिना’ही २८ दिवसांचा. आम्हा बँकवाल्यांना महिना ३० किंवा ३१ दिवसांचा ठाऊक, फेब्रुवारीचा अपवाद चार वर्षांतून तीनदा. २८ दिवसांच्या महिन्याने वर्षात १२ ऐवजी १३ रिचार्ज होतात, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगावे लागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांची किमान एक योजना ठेवणे बंधनकारक केले, ते यामुळेच. ज्याला इंटरनेट नकोच आहे त्याच्या गळ्यात ते बांधू नये, म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये केवळ संभाषण आणि संदेश यांची स्वतंत्र योजना देण्याचा आदेशही निघाला. दोन्ही निर्णय ग्राहकहिताचे होते. पण ज्याला फोन करायचेच नाहीत, फक्त बँकेचे संदेश यावेत एवढीच ज्याची गरज आहे, त्याच्यासाठी तेही महागच.

माझी आई संगमेश्वर तालुक्यात एका वाडीवर राहते. वडील शिक्षक होते; त्यांच्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. तिचा मोबाइल देवघराच्या खिडकीत ठेवलेला असतो, कारण घरात रेंज तेवढ्याच जागी येते. रिचार्ज डोंबिवलीहून भाऊ करतो. एका वर्षी तो आजारी पडला आणि रिचार्ज राहून गेले. आईला ते कळायला दीड महिना लागला, कारण येणारा फोन आला नाही तर तो आला नाही हे कळायचे कसे? मी बँकेत अधिकारी असूनही माझ्याही लक्षात आले नाही. मी भावाच्या पत्नीच्या मोबाइलवर बोलत होते, तीही तेव्हा गावीच होती. क्रमांक वाचला, थोडक्यात वाचला. आईला मी रागावून म्हटले, ‘अगं, हा नंबर बंद पडला असता तर बँकेत किती त्रास झाला असता, कल्पना आहे का तुला?’ ती शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे फोन मेला की मी पण बँकेत मेलेच म्हणायची.’ आईला आपण जिवंत असल्याचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. तिच्या मोबाइलला तो दर २८ दिवसांनी द्यावा लागतो.

हा प्रश्न कोणाच्या लक्षातच आलेला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे तेव्हा ट्रायने सांगितले, आणि जुन्या क्रमांकाशी निगडित खासगी माहितीची काळजी ज्याची त्याने घ्यावी, अशी भूमिका घेऊन न्यायालयाने याचिका निकाली काढली. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच असेल. परंतु माझ्या डोळ्यांपुढे ती अकरा माणसे येतात. जो क्रमांक त्यांचा कधीच नव्हता, त्याची काळजी त्यांनी कशी घ्यायची?

रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना याहून नेमके सांगितले. बंद झालेल्या आणि काढून घेतलेल्या क्रमांकांची एक यादी दूरसंचार विभागाच्या डिजिटल मंचावर उपलब्ध असते. तिच्याशी आपल्या ग्राहकांची माहिती ताडून पाहावी आणि नोंदी स्वच्छ कराव्यात, असा त्याचा आशय. अत्यंत आवश्यक असे हे पाऊल होते. पण शाखेत बसून पाहिले की त्याची मर्यादाही दिसते. क्रमांक मृत झाला, एवढे ती यादी सांगते. माणूस कुठे आहे, हे ती सांगत नाही. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे वर्षातले काही महिने मजुरीसाठी महाराष्ट्रात किंवा गुजरातेत जातात. तिथे नवे सिम, परत आल्यावर पुन्हा दुसरे. जुना क्रमांक आम्ही नोंदीतून काढतो, पण नवा मिळवण्यासाठी ज्या एकमेव मार्गाने त्यांना कळवता आले असते, तो मार्ग म्हणजे तो जुना क्रमांकच!

आणि नोंद मोकळी राहिली तर? जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत व्यवहारांतील ग्राहकांच्या दायित्वाबाबत जे निर्देश दिले, त्यांत ज्या ग्राहकाने मोबाइल क्रमांक दिलेला नाही, त्याला एटीएममधून रोख काढण्यापलीकडे इलेक्ट्रॉनिक व्यवहारांची सोय देऊ नये, अशी मुभा बँकांना होती. हेतू ग्राहकाच्या संरक्षणाचाच. सूचना मिळाल्याशिवाय तो फसवणुकीची तक्रार वेळेत करणार कशी? त्या निर्देशांत तीन कामकाजी दिवसांना मोठे महत्त्व होते. पण याचा दुसरा अर्थ असा की क्रमांक गमावलेला माणूस नव्या जगाच्या उंबरठ्याबाहेर राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणीविषयी नवे निर्देश आले आणि त्यांच्या पालनासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. केवळ संदेशातील ओटीपीवर अवलंबून न राहता अन्य मार्ग वापरण्यास त्यांत वाव आहे. स्मार्टफोनवाल्यांना त्याचा लाभ होईल. खिडकीतल्या बटणांच्या मोबाइलला मात्र ओटीपीवाचून दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

म्हणून मला एक सुचवावेसे वाटते. ही माझी वैयक्तिक मते आहेत, हे सांगणे नको. नोव्हेंबर २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना ‘नो फ्रिल्स’ खाती उघडण्यास सांगितले. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांचे मूलभूत बचत खात्यात रूपांतर झाले. किमान शिलकीची अट नाही. किमान शिल्लक ठेवता येत नाही म्हणून माणसाला बँकेबाहेर ठेवता येणार नाही, हे तत्त्व आम्ही स्वीकारले. खुशीने स्वीकारले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. या खात्यांचा खर्च कोण सोसणार, ही कुरकुर मी माझ्या वरिष्ठांकडून ऐकली आहे आणि स्वतःही केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जन-धन खात्यांची संख्या ५६ कोटींवर आणि त्यांतील ठेवी अडीच लाख कोटी रुपयांवर होत्या. कुरकुर करणाऱ्यांनी हे आकडे सावकाश वाचावेत.

मग जसे मूलभूत खाते, तसा मूलभूत क्रमांक का असू नये? ज्या क्रमांकाला बँक खाते जोडलेले आहे, असा प्रत्येक व्यक्तीचा एक क्रमांक रिचार्जअभावी मरू नये. त्यावरून बोलता येऊ नये, इंटरनेट चालू नये, हे मान्य. पण बँकेचे, निवृत्तिवेतनाचे, शासनाचे संदेश तेवढे येत राहावेत. हे संदेश कोण पाठवू शकतो, याची नोंदणी ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार होतच असते; त्यामुळे जाहिरातींचा पूर येईल ही भीती अनाठायी आहे. दूरसंचार कंपन्या विचारतील, फुकट का? पूर्ण फुकट नाहीच. प्रत्येक संदेशाचे मोल बँक आजही मोजते. मृत क्रमांकावर पाठवलेल्या संदेशाचा काय उपयोग, हा प्रश्न खरे तर आम्हीच विचारायला हवा. हा भार बँका, कंपन्या आणि शासन यांनी कसा वाटून घ्यावा, यावर मतभेद होतील, व्हावेतही.

एक आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. स्वस्तात जिवंत राहणारी सिम कार्डे भामट्यांच्या हाती पडतील. हे सहज झटकून टाकण्यासारखे नाही; भाड्याने घेतलेली खाती आणि दुसऱ्याच्या नावावरची सिम यांतून काय घडते, ते आम्ही रोज पाहतो. पण ज्या क्रमांकावरून फोन करताच येत नाही, तो भामट्याच्या फारसा कामाचा नाही. आणि एका व्यक्तीला एकच असा क्रमांक, तोही स्वतःच्याच खात्याशी जोडलेला, अशी अट घातली तर माझ्यासारख्यांनी ओसरीवर बसून केलेल्या चुकाही पुन्हा होणार नाहीत. क्रमांकांचा तुटवडा पडेल, असेही कोणी म्हणते. ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणाऱ्या दहा आकडी क्रमांकांची संख्या कागदावर तरी ४०० कोटी भरते. तुटवडा असेल तर तो इच्छेचा असावा.

हे होईल तेव्हा होईल. तोवर, वाचकहो, आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या पासबुकाशी कोणता क्रमांक जोडलेला आहे, हे एकदा शाखेत जाऊन पाहावे. तो त्यांचाच आहे का, चालू आहे का, आणि त्याचे रिचार्ज कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून आहे, हेही.

त्या अकरांपैकी नऊ खातेदार सापडले. दोघे वारले होते. त्यांच्या वारसांचे काम सध्या चालू आहे. सर्वांत शेवटी आली ती केळीच्या बागेत मजुरी करणारी एक वृद्धा, बाजाराच्या दिवशी, डोक्यावर रिकामी टोपली घेऊन. तिचे विधवा निवृत्तिवेतन या खात्यात येते. बँकमित्राच्या यंत्रावर तिच्या बोटांचे ठसे बहुधा उमटत नाहीत, केळीच्या चिकाने आणि विळ्याने ते पुसट झाले आहेत. म्हणून ती शाखेत येऊनच पैसे काढते. दुकानदाराचा क्रमांक काढून टाकल्याचे मी तिला सांगितले आणि विचारले, ‘आजी, आता कोणाचा नंबर लिहू?’ तिने पदराच्या गाठीतून एक कागद काढला. त्यावर सुनेचा क्रमांक होता. मी तो लिहिणार, एवढ्यात तिने विचारले, ‘बेटी, सूनबाई कापसाला गेली की नवं सिम घेते. चालेल ना?’

माझा हात थांबला. तिला मी सारे समजावले: मोकळा ठेवला तर काय मिळणार नाही, लिहिला तर काय होऊ शकते. तिने दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि म्हणाली, ‘मग राहू दे रिकामा. मी येतेच की दर बाजाराला.’ रकाना मी मोकळा ठेवला, तिच्या पासबुकात नोंदी छापून दिल्या आणि शेवटची शिल्लक तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.